आठव्या वाडीचा नारळ

सकाळी सात वाजता दारावरची बेल वाजली तेव्हा मी बनियनवर चहा पीत बसलो होतो. आयुष्यात एक काम वेळेच्या आधी केल्याचं समाधान तोंडावर होतं. दार उघडलं तर माझा मित्र. आमच्याच सोसायटीतला, बी विंगमधला. हातात मोबाइल.

"नारळ कसला आणायचा रे? असोला की सोललेला?"

"कसला नारळ?"

"अरे, तूच कार्ड टाकलंयस ना ग्रुपवर! 'प्रत्येक वाडीने आपला नारळ सोबत आणावा.' आबा उजाडल्यापासून माझ्या मागे लागलेत. म्हणतात, चिटणिसालाच विचारून ये, नंतर चूक नको."

मी म्हणालो, "सोललेला. पण शेंडी ठेवलेला." तो "बरं" म्हणाला आणि गेलाही. दार लावून वळलो तर बायको कमरेवर हात ठेवून उभी. तिने फक्त एवढंच विचारलं, "वाट लागली ना?"

कशी लागली ते सांगतो.

आमच्या गावाचं मुंबईत एक मंडळ आहे आणि मी त्याचा चिटणीस. हे पद मला हुशारीमुळे मिळालं असं माझ्या आईला वाटतं. खरं म्हणजे चिटणीस निवडायच्या वेळी मी बटाटेवडा खायला बाहेर गेलो होतो, आणि जो समोर नाही त्याच्या गळ्यात काम घालायची आमच्याकडे जुनी पद्धत आहे. मंडळाची सुरुवात गिरण्यांच्या काळातली. गावाने तेव्हा लालबागला एक खोली धरली होती. मालवणहून बोटीने उतरलेला गाववाला पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन थेट त्या खोलीवर यायचा. पेटी भिंतीला लावली, वळकटी खुंटीला टांगली की तो मुंबईकर झाला. नोकरी नंतर लागायची. पुढे गिरण्या गेल्या, खोलीही गेली, तिच्या बदल्यात चारकोपला मंडळाची एक जागा झाली आणि माणसं मालाड, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशी पांगली. आता सगळे एकत्र भेटतात ते वर्षातून एकदा, वार्षिक सभेला.

या सभेचा एक रिवाज आहे. सुरुवातीला चिटणीस उभा राहून एकेका वाडीचं नाव मोठ्याने पुकारतो. त्या वाडीतला वडीलधारा माणूस "हजर" म्हणत उठतो आणि वाडीचा नारळ टेबलावर आणून ठेवतो. मग ते सगळे नारळ फोडून, खोबरं एकत्र वाटून काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं. सगळ्या वाड्यांचे नारळ, एकच टोप. तेच सांबारं नि वडे सगळे जेवतात. मला हा रिवाज इतका आवडतो की ऑफिसातल्या लोकांना मी तो दोनदोनदा सांगितला आहे. सात वाड्या, सात नारळ.

गावात वाड्या आठ आहेत.

आठवी बौद्धवाडी. तिला घेऊ नका असं मंडळाच्या घटनेत कुठेही लिहिलेलं नाही. घटनेत फक्त सात वाड्यांची नावं लिहिलेली आहेत. माझा बी विंगमधला मित्र त्या आठव्या वाडीतला.

आम्ही दोघं वीस वर्षं एकाच बागेत फिरायला जातो आणि तीन फेऱ्या मारून, पाच मारल्याच्या थाटात बाकावर बसतो. त्या बाकावर बसून मी जगातल्या यच्चयावत अन्यायांचा समाचार घेतलेला आहे. अमेरिकेत गोरे लोक आपल्या क्लबात काळ्यांना कसे घेत नसत, मग काळ्यांनी स्वतःचे वेगळे क्लब कसे काढले, यावर मी एकदा चांगली दहा मिनिटं तावातावाने बोललो होतो. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "हो ना." त्याच्या वाडीचंही नायगावला वेगळं मंडळ आहे, हे मला ठाऊक होतं. या दोन गोष्टी एकाच वाक्यात आणायचं मात्र मला सुचलं नाही. मंडळाच्या सभेला मी दर वर्षी त्याच्या खिडकीखालून इस्त्रीचा झब्बा घालून जायचो, आणि दुसऱ्या दिवशी बागेत सभा सोडून बाकी सगळं बोलायचो.

तर या वर्षी मी आधुनिक व्हायचं ठरवलं. छापील निमंत्रणं वाडीवाडीच्या प्रतिनिधींकडे पोचवायची ती बंद. फोनवरच कार्ड केलं. समई, आंब्याचं डहाळं, मागे समुद्र. तासभर त्या समुद्राचा निळा रंग लावत बसलो आणि मग मोठ्या ऐटीत ते गावच्या ग्रुपवर सोडलं. ग्रुप मंडळाचा नव्हता. तो अख्ख्या गावाचा होता, बस कधी बंद आहे नि वीज कधी येणार हे कळायला काढलेला, आणि त्यात आठही वाड्या होत्या. कार्डावर लिहिलं होतं, 'प्रत्येक वाडीने'. झकास.

साडेसातला अध्यक्षांचा फोन आला. अध्यक्षांना आम्ही अण्णा म्हणतो. वय पंच्याऐंशी, राहणार बोरिवली, आवाज अजून गिरणीच्या भोंग्यासारखा.

"तू काय केलंस काय कळता तुका?"

"अण्णा, चुकून..."

"बौद्धवाडीतल्या तिघांनी 'येतो' म्हणून अंगठे दाखवल्यानी! आता?"

"आता काय?"

"माका काय विचारतंस? फोन कर. सांग चुकून गेला म्हणून."

मग मुलुंडहून खजिनदारांचा फोन. मग घाटकोपरहून एका काकांचा, ज्यांना या विषयात काहीच म्हणायचं नव्हतं, फक्त पुढे काय होतं ते मला आधी कळव म्हणाले. खजिनदार म्हणाले, "माझं वैयक्तिक काहीच नाही रे. पण लोकांचं असतं." मी सगळ्यांना "हो, हो, सांगतो" म्हणालो. माझा स्वभावच तसा आहे. समोरचा जे बोलतो ते मला तेवढ्यापुरतं तंतोतंत पटतं.

संध्याकाळी मी बी विंगला गेलो. लिफ्टमध्ये वाक्य पाठ केलं. 'आबा, एक छोटासा गोंधळ झालाय.' छोटासा वर जोर.

दार मित्राने उघडलं. आत आबा, म्हणजे त्याचे वडील, चौऱ्याऐंशी वर्षांचे, टेबलावर पांघरुणाची घडी घालून पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होते. सभा पंधरा दिवसांवर होती.

"ये रे चिटणीस! बस. गो, तेका चाय दी," त्यांनी सुनेला हाक मारली. "तुझा कार्ड बघलंय. समुद्र बरो काढलंस."

मी बसलो. पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं. तेवढ्यात आबा इस्त्री उभी ठेवून म्हणाले, "तुका म्हायत नसात. ती लालबागची खोली मी बघलेली आसा."

मग त्यांनी सांगितलं. सतरा वर्षांचे असताना ते बोटीने आले. गावच्या पोस्टमनने खोलीचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून दिला होता. भाऊच्या धक्क्यावरून पेटी डोक्यावर घेऊन विचारत विचारत लालबागला पोचले. दुपारची वेळ. खोलीत पाचसहा गाववाले बसले होते, सगळे ओळखीचे, एकाच शाळेतले. म्हणाले, अरे, तू कधी इलंस? गावची खबर विचारली, पाऊस विचारला. ह्यांनी पेटी खाली ठेवायला हात वर केले तसं कुणीतरी म्हणालं, "जागा नाय रे." मग पाणी दिलं. उंबरठ्याबाहेर, ओंजळीत, वरून.

"जागा नाय म्हणाले तर म्हणाले," आबा म्हणाले. "तसा ता काय पहिल्यांदा नव्हता. पण मी दारात उभो होतंय. माका आतली जागा दिसत होती ना रे! जातीमुळे नको म्हणाले असते तर माका ता म्हायत होता. पण डोळ्यांदेखत खोटा कित्या बोलले? साठ वर्सां वरती झाली, माका तेवढ्याचाच उत्तर व्हया. सभेत पुकारलंस की मी उठान तेवढाच विचारतलंय. बाकी माका काय नको."

मी चहा प्यायलो. वर दोन नानकटाया खाल्ल्या. आणि "शर्ट छान आहे" म्हणून घरी आलो.

"सांगितलंस?" बायकोने विचारलं.

"वातावरण तसं नव्हतं."

"बरोबर. नानकटाई होती ना."

अण्णांना फोन केला. माझ्याच्याने झालं नाही म्हणालो, आणि आबांची गोष्टही सांगून टाकली. पलीकडे इतका वेळ काही ऐकू येईना की फोन कट झाला असं वाटून मी "हॅलो, हॅलो" करत राहिलो. शेवटी अण्णा म्हणाले, "येतीत तर येऊदेत. मागे बसतीत, जेवतीत. पण तू पुकारू नकोस. सात पुकार आणि बस." आणि त्यांनी फोन ठेवला.

मलाही हे पटलं. म्हणजे कुणाचा अपमानही नाही आणि कुणाची कटकटही नाही. दुसऱ्या दिवशी बागेत मी हा तोडगा मित्राला जरा खुशीतच सांगितला. तो पहिल्या फेरीतच थांबला.

"म्हणजे आबा तिथे नारळ मांडीवर घेऊन बसणार, आणि तू सात नावं घेऊन खाली बसणार?"

"अरे, पण जेवण सगळ्यांबरोबर..."

"आम्हाला घरी जेवण मिळतं रे." तो चिडला नव्हता, ते जास्त वाईट. "अण्णांचं मत मला कळलं. खजिनदाराचंही कळलं. तुझं काय?"

"माझं तुला माहितीये की."

"नाही माहीत. वीस वर्षांत कधी बोललायस? अमेरिकेचं बोललायस."

तो पुढे निघून गेला. त्या दिवशी त्याने खरोखरच पाच फेऱ्या मारल्या. मी बाकावर बसून त्याला दर फेरीला समोरून जाताना बघत होतो. रागावलेल्या माणसाला पाच वेळा तोंड द्यावं लागणं ही त्या बागेची रचनाच वाईट आहे.

घरी येऊन मी चिटणिसाची वही काढली. पुकाऱ्याची यादी दर वर्षी तीच असते, मी मागच्या वर्षीच्या पानावर फक्त तारीख बदलतो. त्या दिवशी ती नव्याने हाताने लिहून काढली. सात नावं झाली. पेन तिथेच टेकवून बसलो. बायको भाजी निवडत होती. म्हणाली, "तसं बघायला गेलं तर तुमच्या पुकाऱ्यात कुठल्याच वाडीची बाई कधी उठलेली नाही. ते पुढच्या वर्षी बघू. आधी हे लिही." मी लिहिलं. आठ म्हणून आकडा घातला आणि लिहिलं, बौद्धवाडी. पंचावन्नाव्या वर्षी मी परीक्षेला बसलोय असं वाटलं.

सभा मालाडला एका शाळेच्या हॉलमध्ये होती. आत पंखे, बाहेर मंडपात टोप चढवलेला, वाटाणे शिजत होते. गर्दी तर अशी की मागच्या दहा वर्षांत पाहिली नव्हती! अध्यक्षीय भाषणाला कुणी फिरकत नाही, पण काहीतरी होणार आहे हे कळल्यावर मुलुंड, घाटकोपर सगळे वेळेवर. घाटकोपरचे काका पहिल्या रांगेत, चष्मा पुसून तयार. आबा आणि माझा मित्र चौथ्या रांगेत. पांढरा शर्ट, मांडीवर नारळ, नारळाला शेंडी. त्यांच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. बघता बघता माझी बायको उठली आणि त्यातल्या एकीवर जाऊन बसली. मला न विचारता. तशी ती मला विचारून काही करत नाहीच.

मी उभा राहिलो. कागद टेबलावर ठेवून सपाट केला.

"देऊळवाडी!"

"हजर!" नारळ.

"मधलीवाडी!" "हजर!" "टेंबवाडी!" "हजर!" असं करत सातवी झाली. अण्णा शेजारी बसले होते. त्यांनी माझ्या कागदावर नजर टाकली, आठवी ओळ वाचली, आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर मला तेही पटलं असतं.

"बौद्धवाडी!"

आवाज चिरकला. पण निघाला एकदाचा! आबा मुलाचा हात बाजूला सारून उठले. चौथ्या रांगेपासून टेबलापर्यंत सावकाश, नारळ दोन्ही हातांत धरून आले. सात नारळांच्या ओळीला लावून त्यांनी तो ठेवला, जरा वाकडा होता तो सरळ केला आणि वर बघून म्हणाले, "हजर."

आणि मग एकदम कल्ला! टेंबवाडीचे एक जण उभे राहिले, "घटनेत सात वाड्या आहेत, चिटणीस!" मागून कुणीतरी, "मग घटना बदला ना यार!" "सर्वसाधारण सभेत आयत्या वेळी घटना बदलता येत नाही!" "तुम्हाला घटना कधीपासून वाचता येते?" एक जण म्हणाले, मला पित्ताचा त्रास आहे, मी आज जेवणार नाही, आधीच सांगून ठेवतो. त्यावर त्यांच्याच बायकोने विचारलं, "कालपर्यंत कुठे होतं पित्त?" मी "शांतता, शांतता" ओरडत होतो. त्या गलक्यात सर्वांत मोठा आवाज माझाच होता.

आबा टेबलाजवळून हलले नव्हते. त्यांनी हात वर केला. का कोण जाणे, सगळे गप्प झाले.

"तुमची घटना तुम्ही सावकाश बदला," ते म्हणाले. "माका एकच विचारूचा आसा." आणि त्यांनी लालबागच्या खोलीची गोष्ट सांगितली. मला सांगितली तशीच, पण निम्म्या शब्दांत. पोस्टमनची चिठ्ठी, पेटी, जागा नाय. ओंजळीतल्या पाण्याचं मात्र सांगितलं नाही. "त्या दुपारी खोलीत जागा होती की नव्हती? ता वहीत लिवा. नव्हती तर नव्हती म्हणान लिवा. मी सही करतंय नि जातंय."

कोण बोलणार? त्या काळातली माणसं आता उरलीत किती? मी वहीवर पेन धरून उभा होतो. तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकली. अण्णा उठत होते. दोन्ही हात टेबलावर टेकून, हळूहळू. मला वाटलं, सभा तहकूब करताहेत.

"होती," अण्णा म्हणाले.

भोंग्याचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. पहिल्या रांगेतले काकासुद्धा कान पुढे करून ऐकत होते.

"मी होतंय त्या दुपारी खोलीत. माझी पाळी सुटली होती." अण्णा आबांकडे बघत होते, बाकी कुणाकडे नाही. "जागा नाय म्हणालो तो मीच. जागा होती. माझ्या पेटीच्या बाजूक, खिडकीखाली. एक पेटी आरामात रवली असती."

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, आता आबा रडणार, अण्णाही रडणार, मी तर आधीच सुरुवात केली होती.

"खिडकीखाली नाय," आबा म्हणाले.

"काय?"

"खिडकीखाली तुमची वळकटीं रचलली होती. जागा होती ती कोनाड्याखाली. दारातून सरळ दिसत होती."

"कोनाडो?" अण्णांचा भोंगा परत आला. "कोनाडो दाराच्या मागे होतो! तुका दारातून कसो दिसात?"

"दार आतल्या बाजूक उघडत नव्हता, अण्णा. भायर उघडत होता."

"मी बारा वर्सां रवलंय त्या खोलीत!"

"नि मी अर्धो तास उभो होतंय. पण काय होता ता माझ्याइतक्या कोणी बघलेला नाय."

अण्णांनी खुर्ची ओढली, स्वतःची, मधली, आणि आबांच्या मागे लावली. "बस," ते म्हणाले. "उभो रवान भांडू नको."

आबा बसले. अण्णा दुसरी खुर्ची येईपर्यंत टेबलाला धरून उभे राहिले. बाहेर आचारी ओरडत होता, नारळ द्या लवकर, वाटाणे शिजले. माझा मित्र आणि टेंबवाडीचा एक जण मिळून नारळ बाहेर घेऊन गेले. आठही. मागचे दोघंतिघं न बोलता उठून गेले, ते काही परत आले नाहीत. पित्तवाले थांबले.

"चिटणीस, वाचून दाखव काय लिवलंस ता," अण्णा म्हणाले.

मी वाचलं, "'अध्यक्षांनी सभेस सांगितले की त्या दुपारी खोलीत जागा होती व ती खिडकीखाली होती.'"

"कोनाड्याखाली," आबा खुर्चीतून म्हणाले.

मी अण्णांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते, बहुधा ती खोली आठवत होते, दार कुठल्या बाजूला उघडायचं ते. मग म्हणाले, "लिव. कोनाड्याखाली."

मी खिडकी खोडली.